इटलीकर आणि पडद्यावरची फाशी

ज्या माणसाच्या थापा ऐकायला तुम्ही तिकीट काढून जाता, तो एका संध्याकाळी खरं बोलू लागला, तर तुम्हाला ते कळेल का? घाईने हो म्हणू नका. आम्हा भोरकरांना कळलं नव्हतं.

इटलीकर हे त्यांचं आडनाव नव्हे. हिर्डोशीच्या वर, वरंधा घाटाच्या अंगाला एक वाडी आहे, तिथले ते. महायुद्धात पलटणीबरोबर आफ्रिकेच्या वाळवंटात गेले, तिथे पकडले गेले, मग इटलीत कैदेत होते आणि पुढे जर्मनीत. परत आले ते इटलीच्या गोष्टींचं गाठोडं घेऊन. तिथल्या म्हाताऱ्या आपल्यासारख्याच डोईवर पदर घेतात, द्राक्षांच्या बागेत लपलेल्या कैद्याला एका बाईने पिठाच्या कणगीत बसवून शिपायांना कसं चकवलं, आणि तो कैदी बाहेर आला तेव्हा तिची सासू भूत म्हणून कशी पळाली, हे सगळं ते इतकं रंगवून सांगत की बाजारात त्यांच्याभोवती कोंडाळं जमे. म्हणून गावाने त्यांना इटलीकर केलं. त्यांनाही ते आवडे. नवा माणूस भेटला की स्वतःच तसं नाव सांगत.

पावसाळा सरला की भोरला नदीकाठच्या मैदानावर फिरत्या सिनेमाचा तंबू पडे. मराठी-हिंदी बोलपट लोक आपले आपण पाहत. पण तंबूचा शेठ अधूनमधून जुने इंग्रजी बोलपटही आणी, आणि ते समजावून सांगण्याचं काम इटलीकरांचं. पडद्याच्या बाजूला एक लाकडी खोकं उपडं घातलेलं असे. त्यावर खाकी कोट घालून ते उभे राहत, एका हातात काठी, तोंडाशी पत्र्याचा कर्णा. त्यांना इंग्रजी किती येत होतं याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. पलटणीतले हुकूम, शिव्या आणि डबाबंद खाण्याची नावं एवढं नक्की येत होतं. बाकीचं ते रचत.

आणि काय रचत! गोऱ्या गुराख्याला ते वेल्ह्याचा बबन करून टाकत. खलनायक नेहमी फौजदार. पडद्यावर नायक नायिकेच्या तोंडाजवळ तोंड नेऊ लागला की कनातीपलीकडे बसलेल्या बायकांत चुळबुळ सुरू होई. तेवढ्यात कर्ण्यातून आवाज येई, “घाबरू नगा बायांनो. तिच्या डोळ्यात कुसळ गेलंय, त्यो फुंकर मारतोय.” तंबू हसून फुटायचा. एकाच बोलपटाची गोष्ट सोमवारी एक आणि मंगळवारी दुसरी असे. लोक दोन्ही दिवशी येत.

मी तेव्हा पत्रकं लिहीत असे. राजाच्या कारभाराविरुद्ध प्रजापरिषदेची चळवळ चालू होती त्या दिवसांत घरात वाचायला दुसरं काही नव्हतं; मी अक्षरं गिरवली तीसुद्धा कुणाच्या तरी निषेधाच्या कागदावर. संस्थान विलीन झालं, पण माझा राग विलीन व्हायला तयार नव्हता. मामलेदार कचेरी, शाळा, देवस्थान, ज्याच्यावर हात पडेल त्याच्यावर मी पत्रक काढी. इटलीकर ते माझ्याकडून वाचून घेत, नीट ऐकत, आणि म्हणत, “लेखक, ह्यात जळाण लई हाय. पन शिजतंय काय ते कळंना.” मला राग येई, आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाई.

त्यांची एकच गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. इटलीची कथा कितीही लांबली तरी जर्मनीच्या वेशीवर थांबे. पुढे काय झालं म्हणून कुणी विचारलं, तर ते म्हणत, “तितं थंडी लई,” आणि विडी पेटवत. थापा मारणाऱ्या माणसाला थंडीवर एक थाप सुचू नये, याचं मला नवल वाटे.

मग तो बोलपट आला. जर्मनीतल्या ज्यूंच्या छावणीचा. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराबद्दल मी मासिकांतून वाचलं होतं आणि त्या वाचनाने माझ्या अंगाची लाही झाली होती. शेठने जाहिरातीचा मजकूर मागितला तेव्हा मी हौसेने लिहून दिला. दुष्टांचा अंत पाहण्यास सहकुटुंब या, असं त्यात होतं. इटलीकरांनी तो ऐकला आणि एवढंच विचारलं, “अंत दावलाय व्हय?”

पहिला भाग त्यांनी चांगला सांगितला. ही माणसं कोण, ते लोकांना कळेना, तेव्हा म्हणाले, “आपल्या पालीकडं शनवार तेली हायती ना, शनवारी घाना बंद ठेवत्यात ती? त्यांच्याच धर्माची ही मानसं. कुनाचं दुकान, कुनी मास्तर, कुनी डाक्टर.” पाली आपल्याच भोर संस्थानातली, तेलाची किटली घेऊन येणारे ते तेली पुष्कळांनी पाहिलेले. तंबूत एकदम जिव्हाळा पसरला. छावणी दिसली, तारांचं कुंपण दिसलं, आणि कर्ण्यातला आवाज बंद झाला.

पडद्यावर कैद्यांची रांग होती. एक देखणी मुलगी पुढे येऊन आपल्या म्हाताऱ्या बापाला धीर देत होती. मागे व्हायोलिन वाजत होतं. इटलीकरांनी काठी उचलली आणि तिच्या गालावर टेकवली.

“ह्यो गाल खोटा.”

लोक हसले. त्यांना वाटलं, सुरू झाली गंमत. काठी तिच्या विंचरलेल्या केसांवर गेली. हे खोटं. कैद्यांनी मिळून गाणं म्हटलं, तेही खोटं. छावणीचा अधिकारी गालावर व्रण असलेला, डोळे वटारणारा, खदाखदा हसणारा. त्याच्यावर काठी आपटून इटलीकर म्हणाले की असा एकही तिथे नव्हता, जे होते ते आपल्या कचेरीतल्या शिपायासारखे दिसणारे होते. प्रत्येक वाक्याला हशा वाढत गेला. शेठ मागून खुणा करत होता, गोष्ट सांगा म्हणून. कुणीतरी ओरडलं, “इटलीकर, फुंकर मारा की!”

शेवटी त्या अधिकाऱ्याला फाशी झाली. मला खोटं लिहायचं नाही: माझं रक्त उसळलं. दोर ताणला गेला आणि सगळा तंबू उभा राहिला. शिट्ट्या, टाळ्या, पडद्यावर पैशांचा वर्षाव. बायकांच्या बाजूनेही कुणी बोटं मोडत होतं. आणि खोक्यावर इटलीकर नव्हते.

दिवा गेला. पडदा काळा झाला. तंबूमागचं इंजिन बंद पडल्यावर जी शांतता होते, ती कानात शिरते. त्यांनीच ते बंद केलं होतं. अंधारात, कर्ण्याशिवाय, त्यांचा आवाज आला. तो इतका साधा होता की प्रथम मी ओळखला नाही.

“म्या ही मानसं बगितल्याती. आमाला कैद्यांना रूळ दुरुस्त कराया न्यायचे, तवा शेजारच्या वाटंनं त्यांना चालवीत न्यायचे. पायात लाकडाच्या खडावा. त्यांचा आवाज यायचा, दुसरा न्हाई. कुनी रडत न्हवतं, कुनी गात न्हवतं. येक जन पडला. म्होरच्यानं मागं वळून बगितलं न्हाई. पहाऱ्यावरच्या मानसानं त्याला गोळी घातली आन रुमालानं नाक पुसलं. सर्दी झाल्ती त्याला. रस्त्याकडंला येक बाई धुनं वाळत घालीत हुती. तिनं चादर झटाकली.”

कुणी खाकरलं.

“लढाई संपली, आमाला सोडलं. गाडीतनं जाताना त्योच मानूस दिसला. साधी कापडं, सायकल, मागं लेक बसल्याली. म्या आमच्या सायबाला बोट करून दावला. सायेब म्हनला, घरी जायचं न्हाई का तुला? बस खाली. त्याला कुनी फाशी दिली न्हाई. त्यो आज बी जेवला आसंल.”

इंजिनवाल्याने धडपडत इंजिन सुरू केलं. पांढऱ्या उजेडात इटलीकर उभे होते, हात खाली सोडून. आणि तंबूने टाळ्या वाजवल्या. फाशीला वाजवल्या त्याहून मोठ्या. माझ्या शेजारचा कापडदुकानदार मला कोपर मारून म्हणाला, “आज म्हातारबा सगळ्यांवर कडी करून गेलं. शिनिमापरीस ह्येच झ्याक.”

त्यांचं तोंड मी पाहिलं. आजवर मी कुणाच्याही तोंडावर असा मार बसलेला पाहिलेला नाही.

शेठ वाईट माणूस नव्हता, हेच वाईट. त्याने रागावून हाकलून दिलं असतं तर मला लिहायला सोपं गेलं असतं. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी इटलीकरांना चहा पाजला आणि सांगितलं की हीच गोष्ट रोज मध्यंतरात सांगा, फक्त इंजिन बंद करू नका, आणि शेवटी त्या सायकलवाल्याला तुम्ही स्वतः गोळी घातली असं जोडा, लोक समाधानाने घरी जातील. मला म्हणाला, तसं एक पत्रक लिहून द्या. इटलीकरांनी कप खाली ठेवला, खाकी कोट काढला, नीट घडी करून खोक्यावर ठेवला, कारण तो तंबूचा होता. तंबूशिवाय गावात त्यांचं काही नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मी शेठला पत्रक लिहून दिलं नाही. त्याच्याविरुद्ध मात्र एक छापलं आणि तंबूच्याच खांबांवर चिकटवलं. त्या पत्रकाने तंबूची गर्दी वाढली.

इटलीकर वाडीला परत निघाले त्या दिवशी एसटीची वाट पाहत आम्ही दोघं बसलो होतो. मी पेटलेलो होतो. मी विचारलं, तो सायकलवाला आज सापडला तर काय कराल? मला ऐकायचं होतं की ते त्याचा गळा दाबतील. मला आजही तेच ऐकायचं आहे.

ते म्हणाले, “आदी वाटायचं, कोयत्यानं तोडावा. मग वाटलं, त्याला हितं आनावा, तंबूत बशिवावा, आन ह्यो शिनिमा दावावा.” आणि मग मान हलवली. “पन न्हाई. ती देखनी पोरगी बगून त्यो बी रडंल, लेखक. खलनायकाला फाशी झाली म्हनून त्यो बी टाळी वाजवील. रडून हलका हुईल आन घरी जाईल. त्याला हलका हुऊ द्याचा न्हाई.”

याहून मोठा सूड मी कुठल्या पत्रकात वाचलेला नाही.

पुढे पुण्यात मी याच विषयावरचे आणखी बोलपट पाहिले. एकात तर सैन्याने छावण्या उघडल्यावर घेतलेली प्रत्यक्ष चित्रं होती, प्रेतांच्या राशींची. ती पाहून मला दोन वेळा जेवण गेलं नाही. वाडीवर जाऊन मी इटलीकरांना सांगितलं की हे मात्र खरं आहे. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले की व्हय, ते खरंच असणार, पण ते सगळं मागाहूनचं. त्यात रस्ता दिसतो का, रस्त्याकडेची घरं दिसतात का, धुणं वाळत घालणारी बाई दिसते का? मला आठवेना.

मी न्यायाने बोलतो. तो बोलपट आला नसता तर त्या संहाराचं नावही भोरात बहुतेकांच्या कानी पडलं नसतं, हे मला कबूल आहे. शनवार तेल्यांची आठवण काढून त्या संध्याकाळी लोकांना खरंच वाईट वाटलं, हेही कबूल. पण बोलपटाने आम्हाला दुःख दाखवलं आणि लगेच त्याची भरपाईही करून टाकली. जे न्यायालयाने केलं नाही, साहेबाने केलं नाही, ते दिग्दर्शकाने शेवटच्या रिळात केलं. पोटभर सूड, तोही दुसऱ्याच्या खर्चाने. गाल खोटे असतील, गाणं खोटं असेल. पण सगळ्यांत मोठं खोटं ती फाशी होती. ती पाहून आम्ही हिशेब मिटला असं समजलो, आणि ज्याचा हिशेब मिटला नव्हता तो माणूस आमच्यासमोर उभा होता, त्याला आम्ही नट ठरवलं.

इटलीकर पुन्हा तंबूत आले नाहीत. वाडीवर जनावरं राखली. इटलीच्या गोष्टी मात्र सोडल्या नाहीत. पोरं जमली की कणगी, सासू, भूत, सगळं यथासांग होई. गेल्या थंडीत छातीत कफ झाला. डोंगर उतरून त्यांना भोरच्या दवाखान्यात आणेपर्यंत उशीर झाला होता. मला निरोप मिळाला तेव्हा दहावाही होऊन गेला होता. त्यांच्या थोरल्या मुलाने मला विचारलं, “बा तुमाला लई मानायचा. जर्मनीतलं काय सांगितलं व्हतं का त्यानं कदी? आमास्नी कदी बोलला न्हाई.” वाडीच्या ओट्यावर बसून मी त्याला सगळं सांगितलं, एक शब्द न जोडता. तो ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, “त्यो मानूस जित्ता आसंल का हो अजून?” असेल, मी म्हणालो. त्याने दात आवळले. मला बरं वाटलं.

आता असले बोलपट आणखी येतील, याहून मोठे, याहून सुंदर. जरूर पाहा. पण माझं एक मागणं आहे आणि ते मी हात जोडून करत नाही, खडसावून करतो. शेवटी दुष्टाला फाशी होईल, तेव्हा टाळी वाजवू नका. बसून राहा. तो राग तिथे पडद्यावर उधळू नका, तसाच्या तसा घरी न्या, आणि जेवायला बसाल तेव्हा घरातल्यांना सांगा की तो माणूस आजही कुठेतरी जेवतो आहे.