आईच्या नावावर खपवलेला नकार

प्रितमला स्वतःची लाज वाटली ती एका मंगळवारी, भरल्या ताटावर. तोवर हा गडी ताठ मानेने फिरायचा. का नाही फिरणार? बापजादे कोलशेतच्या खाडीकाठी मिठागरात राबले, आणि हा ठाण्यातल्या एका कंपनीत एसीत बसून नियम लिहायचा. कसले? तर नेटवर्कमध्ये कुणाला आत घ्यायचं आणि ते कोणी ठरवायचं, याचे.

सोपं करून सांगायचं तर त्यात तीन थर. तुमचा मोबाइल बाहेरून म्हणतो, मी अमका, आत घ्या. मधलं यंत्र तो निरोप जसाच्या तसा आत नेतं. हो की नाही, ते आतला सर्व्हर ठरवतो. या नियमांच्या मसुद्यातल्या एका वाक्यावरून प्रितम आणि शेजारच्या खुर्चीवरचा रत्नदीप आठवडाभर भांडले होते. प्रितम म्हणे, "अरे, उत्तर काय येणार ते माहीतच असेल तर मधल्यानेच देऊन टाकावं ना! कशाला उगाच हेलपाटा?" रत्नदीप म्हणे, "मग आतल्याच्या नावावर कोणीही काहीही खपवेल रे." शेवटी रत्नदीपचं वाक्य राहिलं.

हा रत्नदीप दिवा स्टेशनजवळ राहायचा. चौथा मजला, लिफ्ट नाही, पाण्याची बोंब, आणि बायकोला, दीप्तीला, सातवा महिना. एकदा त्याने फोनवर विचारलं, "तुमची कोलशेतची खोली रिकामी आहे ना? आईंना विचारतोस?"

"खोलीचं ना? विचारतो की आईला," प्रितम म्हणाला.

आणि विचारलंच नाही! शहाण्याने मनातल्या मनात सगळा निकाल लावला. रत्नदीप बौद्ध. आळीत आजवर कोणी बौद्ध भाडेकरू ठेवला नव्हता. आई जुन्या वळणाची, ती नाहीच म्हणणार. शिवाय भाऊबंद काय म्हणतील? दोन दिवसांनी चहाच्या टपरीवर त्याने तोंड पाडून सांगून टाकलं, "आई नाही म्हणते रे. जुनी माणसं, तुला माहितीये."

रत्नदीप नुसतं "बरं" म्हणाला. प्रितमला सुटल्यासारखं वाटलं. खरंच, तेव्हा एवढंच वाटलं.

मंगळवारी जेवायला वाढता वाढता आवडाबाईने, त्याच्या आईने, विचारलं, "तुजा तो दोस्त खोली बघायला येनार होता ना? फोनवर बोलत होतास, आयकलं मी. मोरीची फरशी पन बदलून घेतली. पोटुशी बाय, पाय घसरला मंजे?"

प्रितमने हातातला घास ताटात ठेवला. "आई, तो बौद्ध आहे."

"मंग? तुज्या बहिनीच्या हळदीत रातभर पंगती वाढल्या त्यानं, तवा नाय इचारलीस जात?" म्हातारी कडाडली. "लाव फोन. मीच बोलते."

आता तरी सांगावं की नाही? त्याने फोन लावून दिला, स्पीकरवर, कारण आवडाबाईला कानाला लावून ऐकू येत नाही.

"मावशी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," तिचा आवाज ऐकताच रत्नदीप पलीकडून म्हणाला. "तुम्ही खोलीला नाही म्हणालात, ते प्रितमने सांगितलं मला. मला राग नाही."

आवडाबाईने मान वळवून लेकाकडे पाहिलं. प्रितमची कानशिलं तापली. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. मी खोटं बोललो, एवढंच म्हणायचं होतं. फोन समोर होता. हा मूग गिळून बसला.

"हां रं बाला," आवडाबाई म्हणाली, "बोलले खरी मी. म्हातारीची अक्कल. चुकी झाली माजी, माफ कर. उद्या बायकोला घेऊन ये, खोली बघ."

रत्नदीपचा आवाज जड झाला. "माफी नका मागू, मावशी. येतो आम्ही. आणि प्रितमला काही बोलू नका हं. बिचाऱ्याला मला तोंडावर नाही सांगताना किती अवघड गेलं असेल."

आवडाबाईने फोन बंद केला नाही. तो तसाच चालू, तिने लेकाच्या ताटाशेजारी ठेवला आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. रत्नदीप दोनदा "हॅलो" म्हणाला. प्रितमने मान वर केली नाही. मग रत्नदीपनेच फोन ठेवून दिला.