नत्थूची कुजबुज

पडदा वर जातो. अड्याळजवळच्या एका खेड्यातलं सारवलेलं अंगण. उजवीकडे गोठा, डावीकडे पोत्यावर वाळत घातलेली लाखोरीची डाळ. मधोमध सूप घेऊन पाखडत बसलेली आनंदाबाई. मागे, खांबाच्या आडोशाला, तिचा नवरा नत्थू. समोर असूनही नसल्यासारखा. प्रवेश माझा. एसटीतून उतरलेला म्हातारा नट, इस्त्रीचा सदरा, खिशात फोन.

नत्थूला तुम्ही ओळखत नाही. त्याचं कामच तसं होतं. तो आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचा प्रॉम्प्टर, विंगेतून नटांना वाक्यं देणारा. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले की आम्ही नट आज या गावात, उद्या त्या गावात, नाटकही रोज वेगळं. तालीम करायला वेळ कुणाला होता? नाटक चालायचं ते विंगेतल्या माणसाच्या जिवावर. नत्थू डाव्या विंगेत पालथ्या डब्यावर बसायचा, मांडीवर वही, तोंडात लवंग. लवंग कशाला, तर खोकला येऊ नये म्हणून. त्याची कुजबुज नटापर्यंत जायची आणि तिथंच थांबायची. दीड हात पुढं बसलेल्या पेटीवाल्यालाही ती ऐकू येत नसे. प्रेक्षकांनी ऐकली तर प्रॉम्प्टरची लाज गेली, असं तो म्हणायचा. शिक्षण सातवी, पण अक्षर असं की बाहेरगावचे लेखक त्याच्याकडून वह्या उतरवून घेत. दिवसा धानाची शेती, रात्री आम्हा सगळ्यांची स्मरणशक्ती. टाळ्या अर्थातच आम्ही घेत होतो.

एका मंडईत मी घरी परतलेल्या मुलाचं काम करत होतो. बंद दारापुढं उभं राहून म्हणायचं होतं, ‘आई, दार उघड. तुझा गुन्हेगार आला आहे.’ पहिल्या रांगेत एका मोठ्या नाटक कंपनीचे मालक मला बघायला आले होते. माझी नजर त्यांच्याकडे गेली आणि डोकं कोरं झालं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अंक संपल्यावर मी रंगपटात सगळ्यांसमोर नत्थूवर ओरडलो, ‘‘वाक्य दिलंच नाहीस! झोपला होतास काय?’’

नत्थूनं वही मिटून माझ्या रंगाच्या पेटीवर ठेवली आणि पहाटेच्या गाडीनं गेला. पुन्हा कधी विंगेत बसला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, ‘‘चुकलो मी. वाक्य द्याले उशीर झाला.’’ या गोष्टीला तीस वर्षं झाली.

आता अपेक्षाबद्दल सांगतो. लाखांदूरच्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी, पुण्यात राहून वेगळीच गाणी करते. धानगिरणीची धडधड, पंपाची घरघर, मध्येच माणसांचं बोलणं. गेल्या वर्षी तिनं माझ्या नाटकांच्या, विंगेत टेप ठेवून भरलेल्या जुन्या कॅसेटी नेल्या आणि माझे संवाद घालून अल्बम केला. मी तो गावभर ऐकवला. यंदा तिनं त्याच गाण्यांचा रीमिक्स अल्बम केला.

‘‘म्हणजे काय गं?’’ मी विचारलं.

‘‘गाणं तेच, आजोबा. मागच्या वेळी तुमचा आवाज वर होता. या वेळी तो खाली नेला आणि मागचा वर आणला.’’

तिनं ऐकवलं. माझा आवाज विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा झाला होता. त्याच्यावर तरंगत होती एक कुजबुज. ‘आई, दार उघड.’ थोडं थांबून पुन्हा. मग तिसऱ्यांदा, जरा मोठ्यानं. मधल्या जागेत शिट्ट्या.

‘‘हे कोण? मला अल्बमवर यांचं नाव द्यायचंय.’’

‘‘असेल कुणी. आठवत नाही,’’ मी म्हणालो. तिसरी वेळ त्या दिवशीही मला नीट ऐकू आली होती, पण मालकांपुढं जीभच वळली नव्हती. मग रंगपटात मी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली होती. आणि आता पुन्हा तेच केलं होतं.  तिसऱ्या दिवशी फोनवर गाणं भरून घेतलं आणि एसटी पकडली.

‘‘काय जी चंद्रकुमार भाऊ,’’ आनंदाबाईनं सूप आपटलं, ‘‘आज हिरो रस्ता चुकले वाटते!’’

‘‘येऊ दे नं त्यायले. चहा मांड,’’ खांबामागून नत्थू म्हणाला.

‘‘मांडतो,’’ ती म्हणाली, ‘‘पन आधी हे कायले आले ते तं कळू द्या.’’

मी फोन खाटेवर ठेवून गाणं लावलं. नत्थू डोळे मिटून ऐकत होता. कुजबुज आली तशी आनंदाबाई उठून उभी राहिली.

‘‘हा तं तुमचाच आवाज व्हय!’’ ती नवऱ्याला म्हणाली. बोटांवर मोजत राहिली. ‘‘एक. दोन. तीन... तीनदा बोलले तुम्ही!’’ मग माझ्याकडे वळली. ‘‘तीस वर्सं झाली, भाऊ. मंडई आली का हा मानूस वावरात जाऊन बसते. लोकायले तोंड दाखवत नाही. अन् तुमी?’’

‘‘मले ऐकू आलं होतं, नत्थू,’’ मी म्हणालो. आयुष्यभर दुसऱ्यानं दिलेली वाक्यं बोललो. हे वाक्य द्यायला विंगेत कुणी नव्हतं. ‘‘तू वेळेवर देल्लं होतं. मी खोटं बोललो. सगळ्यायसमोर बोललो.’’

आनंदाबाईनं पदर डोळ्यांना लावला. नत्थूनं मात्र फोनकडे बोट केलं. मी गाणं पुन्हा लावलं. तिसऱ्या वेळेला त्याचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेल्यासारखा. मला वाटलं आता बोलेल, शिवी देईल, आणि ती मी मान खाली घालून घेणार होतो.

‘‘ती पोरगी तुझं नाव विचारते,’’ मी म्हणालो. ‘‘सांगू का?’’

तो खाटेवर माझ्याशेजारी येऊन बसला. मग माझ्याकडे झुकला आणि जुन्या सवयीनं, फक्त मलाच ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला, ‘‘तिसऱ्या खेपेले आवाज मोठा निघाला जी माझा. पाहनाऱ्या लोकायले तं नाही ना गेला ऐकू?’’