नवाबाचे मागचे पाय

मोठ्या बाई रस्त्याच्या कडेने कधी चालल्या नाहीत. राजुऱ्याच्या बाजाराच्या दिवशीसुद्धा बैलबंड्या, सायकली आणि कोळशाचे ट्रक यांच्यातून त्या मधोमध चालत. मागून हॉर्न वाजत राहिला तरी त्यांची चाल बदलत नसे. डाव्या हाताला नवाब असे, त्यांचा अल्सेशियन. पुढे त्याच्या मागच्या पायांत बळ उरलं नाही, तेव्हा बाईंनी जुन्या लुगड्याची घडी त्याच्या पोटाखालून घेतली, दोन्ही टोकं मुठीत धरून त्याचं मागचं अंग उचललं आणि तशाच मधोमध चालू लागल्या.

मी त्या काळात, म्हणजे ऐंशीनंतरच्या वर्षांत, तिथल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. आजही एखादा जुना माणूस भेटला की हसत सांगतो, त्या बाईंनी एवढं जातिवंत कुत्रं उपाशी ठेवून लुळं केलं. ही गोष्ट खोटी आहे. ती कुठून सुरू झाली ते मला पक्कं ठाऊक आहे. ती माझ्या तोंडून निघाली.

बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, म्हणून मोठ्या बाई. मूळच्या सावली गावाकडच्या. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी वडिलांचं बोट धरून गर्दीत उभी असलेली ही मुलगी पुढे गणित शिकवायला लागली. वर्गात त्यांचं बोलणं पुस्तकासारखं, वर्गाबाहेर पडल्या की सावलीची बोली. फळ्यावर कुणी बरोबर उत्तर लिहिलं तरी त्या शाबासकी देत नसत. "उत्तर राहू दे. कारण सांग," म्हणत. कारण सांगता आलं नाही तर बरोबर उत्तरही पुसून टाकत. उशिरा आलेल्या मुलींना कारण विचारत, इन्स्पेक्टरांना विचारत, आणि दवाखान्यात आल्या की मला.

नवाब त्यांच्याकडे आला तो खाणीच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यातून. साहेबांची मुलगी बाईंच्या शाळेत होती आणि गणितात कच्ची होती. ती पास झाल्यावर साहेबांच्या पत्नीने हौसेने पिल्लू पाठवलं. साहेबांना ते फारसं आवडलं नव्हतं. त्यांच्या सीझरची, म्हणजे नवाबाच्या बापाची, पिल्लं खाणीच्या क्लबातल्या लोकांनी आधीपासून मागून ठेवलेली असत, आणि बापाच्या घसरत्या पाठीचं कौतुक सगळ्या कॉलनीत होतं. अशी पाठ म्हणजे उंची रक्त, असं तेव्हा सगळेच समजत. मीही समजत होतो.

पिल्लाला बाईंनी जीव लावला. हाडं मजबूत व्हावीत म्हणून मी कॅल्शियमची बाटली लिहून दिली, साहेबांनी दूध, अंडी आणि हाडांची भुकटी सांगितली. बाईंनी यातलं काहीही चुकवलं नाही. पावसाळ्यात त्याचे कान वाहत, ते त्या रोज पुसत. गोचीड शोधायला शाळेच्या ओट्यावर त्याला आडवा घेऊन बसत. अशा मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडतो असं मी एकदा म्हटलं, तर जेवणानंतर त्याला तासभर उठू देत नसत, आणि शाळेतल्या मुलींना त्या वेळी त्याच्याशी खेळायची बंदी झाली. पिल्लू झपाट्याने वाढलं, जड झालं. बसताना ते नेहमी एका कुल्ल्यावर कलून, पाय एका बाजूला टाकून बसे. लोडाला टेकल्यासारखं. म्हणून तो नवाब. आम्ही सगळे हसायचो. धावताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या मारायचा, त्यालाही हसायचो.

मी हसायला नको होतं. तसं बसणं आणि तशा उड्या मी आधी पाहिल्या होत्या. सीझर लंगडायला लागला तेव्हा मीच त्याला नागपूरला नेऊन एक्स-रे काढून आणला होता. त्याच्या खुब्याची खोबण उथळ होती. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नव्हता, घासत होता. हा दोष बापाकडून पिल्लांत उतरतो, आणि पिल्लू लहानपणी जास्त खाऊ घालून जड केलं तर लवकर उघड होतो. याची पिल्लं काढू नका, असं मी साहेबांना एकदा हळूच म्हणालो होतो. त्यांनी विचारलं, याच्या वंशाचे कागद पाहिलेत का? मी पुन्हा विषय काढला नाही.

मग क्लबाच्या मैदानावर कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. पाटीवर लिहिलं होतं, सर्वांना प्रवेश. बाईंनी पाटी वाचली आणि नवाबाला घेऊन आल्या. परीक्षक म्हणून खुर्चीवर मी होतो, शेजारी साहेब. कुत्र्यांना गोल फिरवायचं होतं. दुसऱ्या फेरीत नवाबाचं मागचं अंग डोलायला लागलं, तिसऱ्या फेरीत तो खाली बसला, नेहमीसारखा कलून. मैदानात हशा पिकला. साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खून तो असली था, घर गलत मिल गया."

हशा आणखी वाढला. कुठलं घर आणि काय गलत, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

बाईंनी साहेबांकडे पाहिलंही नाही. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टर भाऊ, कारण सांगा. याचे पाय असे काऊन झाले?"

कारण माझ्या जिभेवर होतं. ज्याच्या रक्तातून ते आलं होतं तो सीझर साहेबांच्या खुर्चीला बांधलेला होता. मी म्हणालो, "मुडदूस असावा. लहानपणी खाणं कमी पडलं असेल."

"माह्या घरी जे शिजते ते पहिलं त्याच्या ताटात पडते," बाई म्हणाल्या. "हे तुमाले ठाऊक आहे."

त्यांनी नवाबाला उठवलं आणि बाहेर निघाल्या. कडेने वाट होती. त्या मैदानाच्या मधून गेल्या, खुर्च्यांच्या दोन रांगांमधून, नवाबाच्या चालीने, आणि लोकांना पाय आखडून घ्यावे लागले.

त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी भाऊ म्हटलं नाही. पण दवाखान्यात यायचं सोडलं नाही. नवाबाची गरज होती, तिथे राग आणला नाही. एकदा मी म्हटलं, त्याला त्रास होतो आहे, इंजेक्शन देऊन सोडवू का? त्या म्हणाल्या, "तो सांजच्याले फिराले जायची वाट पाह्यते. ज्या दिवशी पाह्यणार नाई, त्या दिवशी मीच तुमाले बोलावते." मग त्याला हलका ठेवा आणि पोहवा, असा सल्ला मी दिला. तेवढा तरी खरा होता. त्या त्याला वर्धा नदीवर नेऊ लागल्या, घाटाच्या बऱ्याच खाली. तरी कुणीतरी पाणी बाटण्याची भाषा केलीच. बाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "पाणी कोनाचं हाय ते मले नका शिकवू."

लुगड्याची झोळी झाली तेव्हा पानठेल्यावरचा एकजण म्हणाला, "बाई, आता याले पाळण्यात टाका." त्यांनी न थांबता उत्तर दिलं, "टाकीन ना. तू झोका द्याले ये, दिवसभर रिकामाच असतं." त्यांचा रोजचा रस्ता आता क्लबाच्या फाटकावरून जाऊ लागला होता. तो लांबचा होता.

दरम्यान सीझर पायांतून कायमचा बसला. त्याच दुखण्याने, नवाबाच्या आधी. बंगल्यामागे मीच त्याला इंजेक्शन दिलं. साप चावला, असं साहेबांनी लोकांना सांगितलं. मी त्यालाही मान डोलावली.

नवाब मात्र म्हातारा होऊन गेला, शाळेच्या ओट्यावर, झोपेत. बाईंनी मला बोलावलं नाही.

बरीच वर्षं गेली. साहेब बदलून गेले, बाई निवृत्त होऊन सावलीला राहायला गेल्या. मीही निवृत्त झालो आणि एकदा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेलो. धानाच्या मळणीचं खळं समोर होतं, त्या खाटेवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी एक्स-रेपासून सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही.

"मले ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "साहेब पोरीले सोडाले याचे तवा तो सीझर फाटकापाशी बसे. असाच, एका अंगावर. बापाचं बसणं मी पाह्यलं होतं."

"मग त्या दिवशी मला का विचारलंत?"

"मले कारण नाई पाह्यजे होतं डॉक्टर. त्या खुर्च्यांवर बसले होते त्याइले पाह्यजे होतं." सुपातला खडा त्यांनी बाजूला टाकला. "आता माह्यापाशी येऊन काऊन सांगून राह्यले? जिथी खोटं बोलले तिथी जाऊन सांगा."

चहा त्यांनी दिला. निघताना दारापर्यंत आल्या. भाऊ म्हणाल्या नाहीत.

बाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. क्लब पडला, मैदानावर झुडपं वाढली. पण खुर्च्यांवर बसलेल्यांपैकी काही अजून आहेत, त्यांची मुलं आहेत, आणि ती गोष्ट आहे. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नवाबाला खाणं कधीच कमी पडलं नाही. दोष त्या असली रक्तात होता. घर बरोबर होतं.