भाचीला सांगायची गोष्ट

कार्तिकातल्या सकाळी मार्गासनीच्या खाचरांवर कापलेल्या भाताचा ओलसर, किंचित गोड गंध रेंगाळत असतो. ऊन अजून डोंगराआड अडलेलं, पेंढ्यांवर दव, आणि शेतातून चालणाऱ्याच्या पावलांना धसकटांचा बोचरा स्पर्श. हे माझं माहेर. त्या दिवशी भोरहून निघून, एक एसटी बदलून मी तिथं उतरले, तेव्हा तो गंध ऊरभर घ्यावासा वाटला. पण श्वास घेताना उजव्या बाजूचा टाक्यांचा व्रण ताणला गेला आणि मी मध्येच थांबले. शरीर काही गोष्टी विसरूच देत नाही का?

दोन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला. भोरच्या शाळेत मी मुलांना मराठी शिकवत होते. त्या वर्षीचं अर्धं पुस्तक दुसऱ्याच बाईंनी शिकवलं. शस्त्रक्रिया झाली, सलाईनमधून औषधं झाली, केस गेले, पुन्हा आले. राहिला तो थकवा! झोपेनं न उतरणारा, सणावारालाही न पांगणारा, एखाद्या आगंतुक पाहुण्यासारखा घरातच मुक्काम ठोकून बसलेला. आमची आई बेचाळिसाव्या वर्षी याच दुखण्यानं गेली, आणि तिच्यामागून मावशी. हे ऐकल्यावर पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्तातून जनुकांची तपासणी करवली. आईकडून आलेला दोष त्यात सापडला.

बाई शांतपणे म्हणाल्या, "हा दोष मुलीला येतो तसाच मुलालाही येतो. तुमच्या भावाला तपासायला सांगा. त्याच्यात निघाला, तर त्याच्या मुलीत असण्याची शक्यता निम्मी. वेळेवर कळलं तर दरवर्षी तपासत राहता येतं."

हे त्यांनी सांगितलं ते चैत्रात. आणि मी माहेरी गेले ती कार्तिकात. मधले सात महिने तो अहवाल माझ्या कपाटात साड्यांच्या घडीखाली होता. कारण काय सांगू तुम्हाला? मला मूलबाळ नाही, म्हणून आपल्यापुरतं हे संपलं, असं वाटून मी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पुन्हा तेच शब्द उच्चारायचे, पुन्हा कुणाच्या तरी चेहऱ्यावरचा रंग उतरताना पाहायचा, याचं त्राण माझ्यात नव्हतं. आजारी माणसाच्या स्वार्थाला लोक थकवा म्हणतात, आणि ते माणूसही तो शब्द निमूट स्वीकारतं.

सुदाम, माझा धाकटा भाऊ, खळ्यावर भात झोडत होता. मी सगळं सांगितलं. हातातली पेंढी त्यानं खाली ठेवली नाही.

"आक्का, बाईचं दुखणं बाईला. म्या बाप्या माणूस, माझ्या रगतात कुठनं यायचं?"

"अरे, तूही आईच्याच पोटचा ना?"

तो आवाज खाली आणून म्हणाला, "शुभाचं किकवीचं स्थळ ठरत आलंय. आत्ता ह्ये काढलंस तर कोण करंल तिला? लगीन हू दे. मंग बगू."

वाद घालण्याइतकी शक्ती मला नव्हती. खरं सांगायचं तर मनाचा एक कोपरा म्हणालाच, आपण सांगितलं, आपलं काम झालं. पण शुभांगी, त्याची सत्तावीस वर्षांची लेक, चहा घेऊन मागं उभी होती. ती गावच्या अंगणवाडीत शिकवते. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आत्या, कधी कळलं तुमाला?"

"चैत्रात."

"आन् आज सांगताय व्हय?"

तिच्या स्वरात राग नव्हता, आणि म्हणूनच मला मान वर करता आली नाही. ती बापाकडे वळली. "आबा, म्या दर म्हैन्याला गावातल्या पोरांची वजनं घेती. वजन उतरलं की आयांना सांगती, लपवू नगा, दवाखान्यात न्या. आन् माझं आपण लपवायचं?"

सुदाम पुन्हा भात झोडू लागला. त्या दिवशी परतताना कुणी एसटीपर्यंत आलं नाही. पण पाचव्या दिवशी सकाळी भोरला माझ्या दारात तो उभा! इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी.

"चल. कुठं द्यायचं रगत?"

काही आठवड्यांनी कळलं, दोष त्याच्यात होता. डॉक्टरीणबाईंनी त्यालाही स्वतःच्या तपासण्या सांगितल्या. तो मान डोलावत राहिला, पण त्याचं लक्ष लेकीकडे होतं. मग तिचं रक्त गेलं, आणि तिच्यातही तो निघाला. किकवीच्या मंडळींना तिनं स्वतःच फोन करून सांगितलं. विचार करून कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही. "करू द्यात इचार," ती म्हणाली, "मलाबी करायचाय." पण त्या रात्री ती जेवली नाही, असं वहिनीनं मला नंतर सांगितलं.

माघात तिचा पहिला एमआरआय झाला. यंत्राच्या खोलीबाहेर आम्ही बहीणभाऊ बाकावर बसलो होतो, लहानपणी शाळेच्या ओट्यावर बसायचो तसे, एकमेकांकडे न पाहता. आपण लेकरांना काय काय देतो! नाक देतो, चालण्याची लकब देतो, रागाची तऱ्हा देतो; आणि न मागता, न कळता हेही देतो. यात देणाऱ्याचा अपराध तो कोणता? पण हे बापाला कसं पटावं?

तपासणीत काही निघालं नाही. छाती स्वच्छ आहे, असं बाई म्हणाल्या. पुढच्या वर्षी पुन्हा या, दरवर्षी या, आणि मधल्या काळात गाठ जाणवली तर वर्ष संपायची वाट पाहू नका. आनंद झाला, पण उडी मारावी असा नाही. ओझं उतरलं नव्हतं, उचलायला जरा बेताचं झालं होतं, इतकंच.

स्वारगेटला गाडीची वाट पाहताना सुदाम एकदम म्हणाला, "माझ्याकडनं गेलं तिला."

शुभांगीनं त्याचा हात धरला. "आबा, आजीला कुणी सांगितलं हुतं का? तिला कळलं तवा येळ गेली हुती. तुमी रगत दिलंत, म्हणून मला आधी कळलं."

त्यानं टोपी काढली, उगाच झटकली, पुन्हा घातली. त्याचे डोळे भरले होते. भोरची गाडी फलाटाला लागली. गर्दी दाराकडे धावली. शुभांगी मोबाईलमध्ये काहीतरी लिहीत होती.

"आत्या, तुमची पुढची तपासणी कधी?"

मी सांगितलं.

"माझीबी त्याच दिशी मागून घेती. एकाच गाडीनं येऊ." आणि माझी पिशवी आपल्या खांद्याला लावून ती पुढं झाली, आमच्या तिघांची जागा धरायला.