महारुद्रचा काळा कॅमेरा

मानवतच्या बसस्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो आणि काचेच्या कपाटात पाच-सहा कॅमेरे, एवढाच पसारा. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं मला जमत नाही. तरी महारुद्र एका कॅमेऱ्यासाठी माझ्याकडे तीनदा आला.

हा माणूस विहिरीतला गाळ काढायचा. पन्नाशी उलटलेली, कपड्यांना कायम ओल्या मातीचा वास. नऊ किलोमीटरवरच्या त्याच्या गावात पायऱ्यांची जुनी बारव होती. तिच्या तळाशी भुयार. छातीएवढ्या पाण्यातून वाकून आत गेलं की दगडी खोली लागायची आणि तिच्या भिंतीवर कोरलेली अक्षरं. ती पाहिलेला गावात हा एकटाच. बारवेत वासरू पडून मेलं आणि गावानं ती बुजवायचा ठराव केला. हा तहसील कचेरीत धावला. साहेबांनी महिन्याची मुदत दिली : लेखाचा फोटो आणा, काम थांबवतो. यानं मोबाइल नेला, तो पाण्यात गेला.

"फोटो न्हाई निघाला तर बारव गेली, आप्पा," तो पहिल्याच दिवशी म्हणाला.

मी पाण्यात चालणारा, आपटला तरी न फुटणारा छोटा कॅमेरा काढून दिला. यानं डोळे मिटले, बोटांना ओला रुमाल गुंडाळला आणि बटणं चाचपायला लागला. मग लेन्स बाहेर येते का, काचेवर वाफ धरते का, उजेड किती पडतो, बॅटरीचं झाकण घट्ट बसतं का. मी म्हणालो, मुलगी बघायला गेला तवा तरी एवढं बघितलं होतं का? तो हसला नाही.

"आत डोळ्याचा काय उपेग न्हाई. हाताला कळाय पायजे."

तिसऱ्या खेपेला सगळं पसंत पडलं, रंग सोडून. त्याला नारिंगी हवा होता. मुदतीला आठ दिवस उरले होते.

"गाळ काळा हाय, आप्पा. पडला तर टॉर्चनं बी सापडायचा न्हाई."

"पडतोय कशाला? मनगटाला दोरी हाय की. नारिंगी म्हंजी लेकरांचं खेळणं. आन् मागवायला आठ दिवस लागतेत."

नारिंगी नांदेडहून दोन दिवसांत आला असता. काळा माझ्या कपाटात दोन वर्षं पडून होता, म्हणून मी आठ सांगितले. त्यानं माझ्या शब्दावर काळा घेतला.

दुसऱ्या दिवशी तो भुयारात उतरला. फोटो निघाला. लेखाच्या चारही ओळी त्यानं पडद्यावर स्वतः पाहिल्या. परत येताना दोरी दगडाला घासून तुटली आणि कॅमेरा गाळात गेला. दुसरा घ्यायला पैसे नव्हते; पुढे सहा दिवस तो खाली जात राहिला, हातानं गाळ उपसत राहिला. टॉर्चच्या उजेडात काळ्यात काळं काही दिसेना. त्याची बायको कमलबाई वर पायरीवर बसून असायची. आठव्या दिवशी मुरमाचे ट्रॅक्टर आले. हा साहेबांना म्हणाला, फोटो काढलाय, पण आत राहिला. साहेब म्हणाले, मग दाखवणार काय?

आता तिथे सपाट जागा आहे. लोक गाड्या लावतात.

महिन्याभरानं तो दुकानात आला. मला वाटलं, शिव्या देणार. द्याव्यात असंच वाटत होतं. त्यानं पिशवीतून कॅमेऱ्याचा खोका काढून समोर ठेवला. आत चार्जर, वायर, वॉरंटीचा कागद, सगळं जसंच्या तसं.

"कुणाला लागलं तर द्या, आप्पा. चार्जर नवाच हाय, एकदाच लावला."

मी चहा सांगितला. खरं काय ते सांगायचं होतं, पण मी चार्जरची वायर गुंडाळत बसलो. तो तोवर काचेच्या कपाटाकडे बघत होता. आदल्याच आठवड्यात मी नारिंगी कॅमेरा मागवून तिथे ठेवला होता, कुणासाठी ते माझं मलाही माहीत नाही.

"हा कदी आला?" त्यानं विचारलं.

"झाले चार दिवस."

"आन् मागवायला किती लागले?"

मी खाली बघितलं. "दोन," म्हणालो.

चहा यायच्या आत तो उठून बसकडे गेला.