दाब उतरवणारं औषध

पेडगावची माझी थोरली बहीण, अक्का, हृदयाच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला गेली तेव्हा सोबत दाजी आणि मी होतो. झडप बदलली. पण नंतर हृदयानं जोरच धरला नाही, म्हणून डॉक्टरांनी मांडीतून नळी घालून छातीतल्या मोठ्या धमनीत एक फुगा सोडला. पलंगाशेजारचं यंत्र ठोक्याबरोबर तो फुगवायचं आणि रिकामा करायचं. धप धप आवाज काचेबाहेरही यायचा. अक्का गुंगीत होती. भेटायला आत सोडलं तेव्हा तिच्या पायाला हात लावला, तर गार.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंनी आणखी एक औषध सुरू केलं. "नसा सैल होतील. दाब थोडा उतरेल," त्या म्हणाल्या.

दाजींनी मला बाजूला ओढलं. "मास्तर, आदीच पिरेशर कमी हाय, अन् हे अजून उतरवायचं औषध द्यायलेत. इचारा की!"

मलाही तेच कळत नव्हतं. डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "हृदय थकलंय. पुढच्या नसा आवळलेल्या असल्या तर रक्त ढकलायला त्याला जास्त जोर लागतो. औषधानं नसा सैल होतात, फुगा हृदयाला मदत करतो. पण दाब फार उतरू द्यायचा नाही. सगळी कसरत तीच आहे."

मी दाजींना समजावलं. इतक्या ठामपणे, की माझं मलाच नवल वाटलं.

दुपारी यंत्र ओरडायला लागलं. दाब झपाट्यानं उतरत होता. पडदा ओढला, आम्हाला बाहेर काढलं. दाजी जिन्याजवळ उकिडवे बसले. "तुमीच म्हणलात ना, बरोबर हाय म्हणून?"

मी त्यांच्याशेजारी बसलो. आपण अडवायला हवं होतं, की अडवलं नाही तेच बरं, हेही ठरवता येईना.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. औषध थांबवून दाब सावरला होता. सकाळी ते पुन्हा थेंबाथेंबानं चालू केलं. या वेळी दाब टिकला. मग हळूहळू यंत्राची मदत कमी केली आणि शेवटी फुगा काढला.

शुद्धीवर आल्यावर अक्का पुटपुटली, "तो आवाज बंद केला का रे? मला वाटलं, माझंच काळीज वाजायलंय."

दाजी हसले आणि लगेच तोंड फिरवून उभे राहिले.

आता ती घरी आहे. नसा सैल ठेवणारी गोळी रोज घेते. एकदम उठली की डोळ्यांपुढं अंधारी येते, नळी घातलेल्या पायाची बोटं अजून बधिर आहेत. शेतात जाणं बंद झालं. परवा गेलो तर दाजी भाकरी थापत होते. ती पाणी आणायला उठली, तसं ते पिठाच्या हातानंच धावले. "मी काय पडायलेय का?" ती चिडली. त्यांनी दंड सोडला नाही.

मी जागचा हललो नाही. ती माठापर्यंत जाऊन परत बसेपर्यंत नुसता पाहत राहिलो.