विळ्याच्या खाचा

काल तालुक्याला आमच्या भागाच्या इतिहासाची परिषद भरली होती. पडद्यावर माझ्या विहिरीजवळचा दगड दाखवून एक सर म्हणाले, "या खाचा जुन्या सैनिकांच्या तलवारींच्या." टाळ्या पडल्या.

मी उठलो. "अहो सर, तिथं माझी बायको विळ्याला धार लावायची. जन्मभर. गेल्या साली वारली."

सर हसले. "आजोबा, चहा घेतलात का?"

मी चौथी शिकलेला. पण आता मला यांच्या सगळ्याच पुस्तकांचा संशय येतोय. त्यांतल्या किती तलवारी कुणाकुणाच्या बायकांचे विळे असतील?

आज दगड संग्रहालयात न्यायला येणार आहेत म्हणे. खाचेशेजारी तिचा डावा हात टेकायचा, ती जागा गुळगुळीत झालीय. सकाळपासून मी तिथंच बसलोय. येऊ दे त्यांची गाडी.